आधी प्रोग्रॅम बदला, सिस्टिम नंतर

नवी ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे विंडोजसारखी संगणक चालवणारी मूळ व्यवस्था, मशीनवर टाकायला अर्धा-पाऊण तास पुरतो. पेनड्राइव्ह लावायचा, भाषा निवडायची, नाव आणि पासवर्ड द्यायचा आणि पट्टी पुढे सरकताना बघत बसायचं. एवढं झालं की 'बदलली एकदाची' म्हणणारे कितीतरी जण महिन्याभरात जुन्या सिस्टिमवर परतलेले मी पाहिले आहेत. नवी सिस्टिम टाकाऊ निघाली असं त्यात क्वचितच झालं होतं. बहुतेकांनी क्रम उलटा धरला होता. आधी सिस्टिम बदलली आणि मग आपली कामं तिच्यावर कशी करायची याचा शोध सुरू केला.

अनेकांवर हा निर्णय अलीकडे आपसूक येऊन पडला आहे. विंडोज १० ला अपडेट्स देण्याचा नियमित काळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरासाठी जाहीर झालेली जादा मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे, आणि तीही नोंदणी करणाऱ्यांनाच. त्या तारखेला मशीन बंद पडत नाही, ते रोजच्यासारखंच चालतं. फक्त त्यानंतर सापडलेली सुरक्षेतली भोकं कोणी बुजवत नाही, त्यामुळे इंटरनेटला जोडलेलं मशीन दिवसेंदिवस जास्त धोक्यात येतं. बरं, विंडोज ११ टाकावी तर ती टीपीएम २.० मागते, म्हणजे गुप्त किल्ल्या सांभाळणारी एक सोय, जी बहुतेक नव्या मशीनमध्ये असते. शिवाय प्रोसेसरही ठरावीक यादीतलाच हवा. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारण आठव्या पिढीपासून, म्हणजे २०१७ मध्ये आलेल्या प्रोसेसरपासून सुरू होते. त्याआधीचं मशीन कितीही ठणठणीत असलं तरी अधिकृत वाट बंद. मग एकतर नवं मशीन घ्या, नाहीतर ॲपलच्या मॅककडे वळा, नाहीतर आहे त्याच मशीनवर लिनक्स ही मोफत सिस्टिम टाका. यातल्या पहिल्या वाटेवर सिस्टिमचं कुळ तरी तेच राहतं. उरलेल्या दोन वाटांवर मात्र माणसं एकाच ठिकाणी अडतात: 'माझा तो प्रोग्रॅम इथे का चालत नाही?'

प्रोग्रॅम सिस्टिमकडे काय मागतो

हा प्रश्न साधा वाटतो, पण त्याचं उत्तर नीट समजलं तर पुढचं जवळजवळ सगळं आपोआप कळतं. म्हणून इथे जरा थांबू.

कोणत्याही प्रोग्रॅमला डिस्कवर स्वतःच्या हाताने काही लिहिता येत नाही. पडद्यावर रेघ काढता येत नाही, वाय-फायमधून एक अक्षर बाहेर पाठवता येत नाही. ही सगळी दारं सिस्टिमच्या ताब्यात असतात, आणि ती असायलाच हवीत. नाहीतर एक बिघडलेला प्रोग्रॅम दुसऱ्याच्या फाइल्स पुसून टाकेल. तुम्ही पत्र लिहून 'सेव्ह' दाबता तेव्हा प्रोग्रॅम सिस्टिमकडे अर्ज करतो: अमुक नावाची फाइल उघडून द्या, तिच्यात एवढा मजकूर लिहा, फाइल बंद करा. अर्ज स्वीकारणारा सिस्टिमचा गाभा म्हणजे कर्नल, आणि या अर्जाला म्हणतात सिस्टिम कॉल.

आता एकाच मशीनवर आज विंडोज आहे आणि उद्या लिनक्स आहे असं समजा. प्रोसेसर तोच आहे. बेरीज-वजाबाकीच्या सूचना त्याला आजही कळतात, उद्याही कळतील. बदललं ते अर्ज घेणारं कार्यालय. तिथला छापील नमुना वेगळा, रकान्यांचा क्रम वेगळा, खिडकीचा नंबर वेगळा. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्रॅम विंडोजच्या नमुन्यात अर्ज भरून आणतो आणि लिनक्सच्या खिडकीवर तो कोणाला वाचताच येत नाही.

अडचण इतक्यावर थांबत नाही. बहुतेक प्रोग्रॅम कर्नलशी थेट बोलतही नाहीत. चौकट काढणं, मेनू दाखवणं, अक्षरं रंगवणं, प्रिंट देणं अशा हजारो तयार सोयी सिस्टिमसोबत येतात आणि प्रोग्रॅम त्यांच्या भरवशावर लिहिलेला असतो. विंडोजची अशी जुनी, अवाढव्य सामग्री विन३२ या नावाने ओळखली जाते. त्यात प्रोग्रॅम ज्या पाकिटात बंद असतो ते पाकीटही वेगळं. विंडोजचं पीई, लिनक्सचं ईएलएफ, मॅकचं माक-ओ. लिनक्सला ईएक्सई, म्हणजे विंडोजच्या प्रोग्रॅमची, फाइल दिली की मुळात पाकीट कुठून फोडायचं इथपासूनच अडतं.

यावर एक सुंदर तोड निघाली आहे. १९९३ मध्ये सुरू झालेला वाइन हा प्रकल्प ते विंडोजचं पाकीट फोडतो, आतले अर्ज वाचतो आणि प्रत्येक अर्ज लिनक्सच्या नमुन्यात भरून पुढे पाठवतो. प्रोग्रॅमला वाटतं आपण विंडोजवरच आहोत. हे काम किती चिकाटीचं असेल याचा अंदाज करा: विंडोजच्या हजारो सोयी, त्यातल्या कित्येकांचं खरं वागणं कुठेच लिहून ठेवलेलं नाही, आणि तरीही माणसं तीस वर्षांहून अधिक काळ एकेक सोय नव्याने लिहीत आली आहेत. त्याच पायावर २०१८ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीने प्रोटॉन आणलं आणि विंडोजसाठी लिहिलेले हजारो गेम लिनक्सवर चालू लागले. २०२२ मध्ये आलेलं स्टीम डेक हे हातातलं गेमचं मशीन मुळात लिनक्सवरच चालतं.

पण वाइनच्या भरवशावर संसार थाटू नका, असं मी सांगेन. एखादा जुना छोटा प्रोग्रॅम त्यात छान चालतो. मात्र जो प्रोग्रॅम थेट कर्नलमध्ये हात घालू पाहतो तो तिथे अडतो. ऑनलाइन गेममधली फसवेगिरी पकडणारे काही प्रोग्रॅम असे असतात, आणि नकल रोखणारी काही कुलपंही. ज्या कामावर तुमची मिळकत अवलंबून आहे ते काम 'बहुतेक चालेल' यावर सोडण्यासारखं नसतं.

फ्रान्समधली एक सरळ युक्ती

आता क्रमाकडे येऊ. फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने काय केलं ते बघण्यासारखं आहे. २००५ मध्ये त्यांनी विंडोज तशीच ठेवली आणि तिच्यावर पत्रं आणि तक्ते करायचं ओपनऑफिस आणलं. २००६ मध्ये ब्राउझर म्हणून फायरफॉक्स आणि मेलसाठी थंडरबर्ड आलं, तेही विंडोजवरच. लोकांचे हात या प्रोग्रॅमवर बसल्यावर २००८ पासून त्यांनी उबंटू हा लिनक्सचा एक प्रकार टाकायला सुरुवात केली. ज्या दिवशी कर्मचाऱ्याची सिस्टिम बदलली त्या दिवशी त्याच्यासमोर पत्र लिहायचा प्रोग्रॅम तोच होता, मेल तोच होता, ब्राउझर तोच होता. बदललं ते खालचं जोतं.

जर्मनीतल्या म्युनिक शहराची गोष्ट जास्त सांगितली जाते. तिथल्या महापालिकेने २००३ मध्ये लिनक्सकडे जायचं ठरवलं, २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार मशीन बदलली आणि २०१७ मध्ये परत विंडोजवर जाण्याचा ठराव केला. त्यामागे राजकारण होतं, तसं प्रशासनही होतं, आणि नेमकं काय चुकलं यावर तेव्हाही एकमत नव्हतं. आपल्यासारख्या एकट्या वापरकर्त्यासाठी त्यातली एकच बाब पुरेशी आहे: काही खास प्रोग्रॅमना पर्याय नसल्यामुळे तिथे काही मशीन विंडोजवरच ठेवावी लागली होती.

घरी हेच लहान प्रमाणात करता येतं. आठवडाभर एक कागद मशीनजवळ ठेवा आणि जो जो प्रोग्रॅम उघडाल त्याचं नाव लिहा. आठवणीतून यादी करू नका, आठवणीतून ती नेहमी अपुरी होते. बहुतेकांच्या कागदावर ब्राउझरचं नाव सर्वांत वर येतं, कारण मेल, बँक, व्हिडिओ, गप्पा, अर्ज भरणं हे सगळं आता ब्राउझरमध्येच होतं. त्याला सिस्टिम कोणती याच्याशी फारसं देणंघेणं नसतं. उरलेल्या नावांपैकी कोणते प्रोग्रॅम तिन्ही सिस्टिमवर मिळतात ते पाहा. फायरफॉक्स, क्रोम, लिबरऑफिस (ओपनऑफिसच्याच कुळातलं), थंडरबर्ड, व्हीएलसी, जिम्प, ऑडॅसिटी, ब्लेंडर ही सगळी मंडळी विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हीकडे राहतात. मग आजच, जुन्या सिस्टिमवर असतानाच, ते वापरायला घ्या. अडलं तर जुना प्रोग्रॅम शेजारीच आहे. महिनाभर त्याला हात लावावा लागला नाही, तर तुमची अर्धी वाट झालेली असते.

कागदपत्रांबाबत एक गोष्ट माहीत नसली की लोक उगाच घाबरतात. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये केलेली डॉक्सएक्स फाइल लिबरऑफिसमध्ये उघडली की कधी कधी ओळी सरकलेल्या दिसतात, चार पानांची पाच होतात. पुष्कळदा दोष फाइलीत नसतो, फॉन्टमध्ये असतो. कॅलिब्री, कॅम्ब्रिया हे फॉन्ट विंडोज आणि ऑफिससोबत येतात, लिनक्ससोबत येत नाहीत. फॉन्ट नसला की सिस्टिम दुसरा लावते, त्याची अक्षरं केसभर रुंद किंवा अरुंद असतात आणि त्या केसभराने ओळ तुटायची जागा बदलते. यासाठी अगदी त्याच मापाचे मोफत फॉन्ट तयार केलेले आहेत: कॅलिब्रीऐवजी कार्लिटो, कॅम्ब्रियाऐवजी कॅलाडिया. ते टाकले की बरीच पानं जागेवर येतात. एक्सेलमधल्या मॅक्रोंचं, म्हणजे तक्त्यातली कामं आपोआप करणाऱ्या छोट्या सूचनांचं, मात्र तसं नाही. गुंतागुंतीचे मॅक्रो दुसरीकडे जसेच्या तसे चालतील ही आशा धरू नये.

आणि कागदावर एखादं असं नाव असेल ज्याला खरोखर पर्याय नाही, तर तेही स्वीकारा. फोटोशॉप आणि ऑटोकॅड मॅकवर मिळतात, लिनक्सवर मिळत नाहीत. दिवसाचे आठ तास त्यातच जात असतील तर लिनक्सवर जाऊ नका. लिनक्सवर माझं मनापासून प्रेम आहे, तरीही हे सांगतो. माणसाचं काम सिस्टिमपेक्षा मोठं आहे. असा प्रोग्रॅम महिन्यातून एखाद्या वेळीच लागत असेल तर व्हर्च्युअल मशीनचा मार्ग आहे. एका सिस्टिमच्या खिडकीत दुसरी पूर्ण सिस्टिम चालवायची, जणू मशीनच्या पोटात दुसरं मशीन. त्याला रॅम बऱ्यापैकी लागते.

फाइल्स कुठे आहेत असं तुम्हाला वाटतं

फाइल्स हलवणं हा या सगळ्यातला सोपा भाग. फोटो सगळीकडे फोटोच असतो, पीडीएफ पीडीएफच. तरी सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, कारण फाइल्स नेमक्या कुठे आहेत याची आपली समजूत चुकीची असते.

पहिल्यांदा सिस्टिम बदलली तेव्हा मी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे तीन फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवले आणि मशीनला फॉरमॅट मारला. माझे मेल एका मेल प्रोग्रॅममध्ये होते. तो प्रोग्रॅम ते सर्व्हरवरून उतरवून घ्यायचा, सर्व्हरवरची प्रत काढून टाकायचा आणि एका लपवलेल्या फोल्डरमध्ये साठवायचा. त्या फोल्डरचं अस्तित्वच मला माहीत नव्हतं. सहा वर्षांचा पत्रव्यवहार गेला. त्यात आता हयात नसलेल्या एका माणसाची पत्रं होती. हा परिच्छेद मी त्यासाठीच लिहितो आहे.

विंडोजवर प्रत्येक वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ॲपडेटा नावाचा लपवलेला फोल्डर असतो. ब्राउझरचे बुकमार्क, कित्येक प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज, काही प्रोग्रॅमची मूळ माहितीसुद्धा तिथे असते. मॅकवर लायब्ररी नावाचा असाच लपवलेला फोल्डर आहे. आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल असेल तर ती शोधून वेगळी ठेवा. मग याच्या उलट प्रकार: जी फाइल फोल्डरमध्ये दिसते पण डिस्कवर नसते. वनड्राइव्ह आणि आयक्लाउड जागा वाचवण्यासाठी फाइलचं नाव तुमच्याकडे ठेवतात आणि खरी फाइल इंटरनेटवर. तुम्ही उघडली की मगच ती खाली उतरते. वनड्राइव्हमध्ये अशा फाइलपुढे छोटा ढग दिसतो. बॅकअप घेण्याआधी त्या सगळ्या खाली उतरवून घ्या.

बॅकअप घेतला म्हणजे तो झाला असं समजू नका. बाहेरची डिस्क दुसऱ्या एखाद्या मशीनला लावा आणि दहा-वीस फाइल्स उघडून बघा: एक जुना फोटो, एक मोठा व्हिडिओ, एक हिशेबाचा तक्ता. प्रती दोन असाव्यात आणि त्यातली एक तरी घराबाहेर.

ही डिस्क कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केली आहे यालाही महत्त्व आहे. विंडोजची एनटीएफएस पद्धत मॅकला वाचता येते, पण आहे त्या स्थितीत तो त्यावर लिहू शकत नाही. लिनक्सला दोन्ही जमतं. जुनी फॅट३२ सगळ्यांना कळते, पण तिच्यात ४ जीबीची एकसंध फाइल मावत नाही, त्यामुळे मोठा व्हिडिओ मध्येच अडतो. तिन्हीकडे वाचता-लिहिता येईल अशी पद्धत म्हणजे एक्सफॅट. प्रवासाच्या डिस्कसाठी तीच घ्या.

नावांची एक गंमतही जाणून घ्या. लिनक्सवर फाइलच्या नावात कोलन किंवा प्रश्नचिन्ह चालतं, विंडोजवर चालत नाही. लिनक्सवर रोमन लिपीतलं मोठं 'ए' आणि छोटं 'ए' ही दोन वेगळी नावं होतात, विंडोज ती एकच मानते. म्हणून लिनक्सवरून विंडोजकडे जाताना एका फोल्डरमधल्या दोन फाइल्सपैकी एक दुसरीवर बसू शकते.

देवनागरीत लिहिणाऱ्यांनी आणखी एक काम जुनी सिस्टिम चालू असतानाच उरकावं. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला एक ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत. तिच्यात देवनागरी १९९१ पासून आहे, आणि युनिकोडमध्ये लिहिलेला मजकूर कुठेही नेला तरी तसाच राहतो. पण त्याआधीच्या वळणाचे बरेच फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवतात. पडद्यावर 'क' दिसतो, फाइलीत मात्र रोमन अक्षर किंवा एखादं चिन्ह असतं. तो फॉन्ट नव्या सिस्टिमवर नसला की पानभर निरर्थक चिन्हं उमटतात. असे लेख, पत्रिका, हस्तलिखितं कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, मूळ मजकुराशी ताडून पाहा, मग पुढे जा. टायपिंगची काळजी त्यामानाने कमी: इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिन्ही सिस्टिममध्ये आधीपासून असतो.

शेवटी किल्ल्या. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, विकत घेतलेल्या प्रोग्रॅमचे लायसन्स क्रमांक, दुहेरी पडताळणीचे राखीव कोड हे सगळं लिहून काढा. काही प्रोग्रॅम जुन्या मशीनवरून आधी रीतसर 'डीॲक्टिव्हेट' करावे लागतात, नाहीतर ते त्या मशीनच्या नावावर अडकून राहतात. विंडोजची डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल, आणि नव्या मशीनवर ती अनेकदा आपोआप तशी असते, तर तिची ४८ अंकी रिकव्हरी की आधी हाताशी घ्या. मशीन सुरू होण्याची पद्धत जराशी बदलली तरी विंडोज ती मागू शकते, आणि ती नसेल तर आतलं काहीच मिळत नाही.

न टाकता चालवून बघा

लिनक्सची मला सगळ्यात आवडणारी सोय ही आहे. डिस्कला हात न लावता पूर्ण सिस्टिम पेनड्राइव्हवरून चालवता येते, तिला लाइव्ह म्हणतात. ८ जीबीचा पेनड्राइव्ह बहुतेक वेळा पुरतो. त्यावरचं सगळं पुसलं जातं एवढं लक्षात ठेवा. रुफस किंवा बलेना एचर या मोफत प्रोग्रॅमने लिनक्सची उतरवलेली फाइल त्यावर चढवायची, मशीन रीस्टार्ट करायचं आणि सुरू होतानाच एफ १२, एफ २ किंवा एस्केप, जी कळ त्या मशीनची असेल ती दाबून पेनड्राइव्ह निवडायचा.

आता नुसता वॉलपेपर बघून खूश होऊ नका. वाय-फाय जोडा. आवाज येतो का, माइक आणि कॅमेरा चालतो का बघा. झाकण लावा, पाच मिनिटांनी उघडा, मशीन झोपेतून नीट उठतं का ते तपासा, कारण गडबड नेमकी इथे होते. प्रिंटरवर एक पान काढा. बोटाच्या ठशाचा सेन्सर असेल तर तोही तपासा. तो चालला नाही तर नवल नाही, असे बरेच सेन्सर लिनक्सवर चालत नाहीत. वेग मात्र इथे मोजू नका, पेनड्राइव्ह डिस्कपेक्षा बराच मंद असतो.

हे सगळं ड्रायव्हरसाठी. प्रत्येक यंत्राची बोली वेगळी असते आणि ड्रायव्हर हा सिस्टिम आणि यंत्र यांच्यातला दुभाषा. विंडोजसाठी तो सहसा यंत्र बनवणारी कंपनी लिहिते. लिनक्सवर बहुतेक दुभाषे कर्नलच्या सोबतच येतात. याचा एक चांगला परिणाम असा की ज्या जुन्या स्कॅनरसाठी कंपनीने नवे ड्रायव्हर देणं सोडलं, तो कधी कधी लिनक्सवर लावताक्षणी चालतो. वाईट परिणाम असा की बाजारात नुकत्याच आलेल्या वाय-फाय चिपला किंवा माहिती उघड न करणाऱ्या कंपनीच्या यंत्राला दुभाषा मिळायला वेळ लागतो. प्रिंटरचा प्रश्न मात्र बराच सुटला आहे. एअरप्रिंट ही ॲपलची छपाईची सोय असलेले प्रिंटर एक सामाईक बोली बोलतात, त्यांना वेगळा ड्रायव्हर लागत नाही.

लिनक्सचे प्रकार अनेक आहेत आणि त्यातलं कोणतं घ्यावं, यावर लोक तासन्‌तास बोलतात. विंडोजवरून येणाऱ्याने लिनक्स मिंट घ्यावं, जास्त विचार करू नये. उबंटूही उत्तम, त्याची एलटीएस, म्हणजे दीर्घकाळ सांभाळली जाणारी, आवृत्ती दर दोन वर्षांनी येते आणि पाच वर्षं सांभाळली जाते.

दोन्ही सिस्टिम एकाच मशीनवर

याला ड्युअल बूट म्हणतात. मशीन सुरू करताना कोणती सिस्टिम हवी ते निवडायचं. पहिल्या वर्षासाठी हा चांगला पूल आहे, पण त्याचे तीन खाचखळगे माहीत हवेत. विंडोजमध्ये 'फास्ट स्टार्टअप' चालू असेल तर 'शट डाउन' केल्यावरही विंडोज पुरती झोपत नाही. कर्नलची अवस्था डिस्कवर ठेवून जाते आणि डिस्कवरचा विंडोजचा भाग अर्धवट उघडा राहतो. लिनक्स मग त्या भागावर लिहायला नकार देतं, आणि तेच योग्य आहे. ती सोय बंद करून टाका. दुसरा खळगा घड्याळाचा. मशीनच्या आतल्या घड्याळात विंडोज स्थानिक वेळ ठेवते, लिनक्स जागतिक वेळ. त्यामुळे एकीकडून दुसरीकडे गेल्यावर घड्याळ काही तास चुकतं. ते बिघडलेलं नसतं, लिनक्सला 'स्थानिक वेळ ठेव' असं एकदा सांगितलं की झालं. तिसरा खळगा बिटलॉकरच्या किल्लीचा, जो वर आलाच आहे.

एकाच डिस्कचे भाग पाडताना चुकीचा भाग पुसण्याची भीती खरी आहे. मशीनमध्ये दुसरी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, बसत असेल तर माझं ठाम मत आहे की तीच बसवा. जुनी डिस्क काढून ठेवा, नवीवर लिनक्स टाका, मग दोन्ही जोडा.

मॅककडे जाणाऱ्यांची वाट वेगळी आणि बरीच सरळ आहे, कारण मशीन आणि सिस्टिम एकाच कंपनीची. ड्रायव्हरचा प्रश्न फारसा उरत नाही. ॲपलचा मायग्रेशन असिस्टंट विंडोजमधल्या फाइल्सही ओढून आणतो. नोव्हेंबर २०२० पासून ॲपलने स्वतःच्या प्रोसेसरची मशीन विकायला सुरुवात केली. त्यांच्यावर विंडोज शेजारी टाकण्याची जुनी बूट कॅम्प सोय मिळत नाही, ती इंटेलच्या मॅकपुरतीच होती. बाकी हाताला सवय लागायला वेळ जातो. कंट्रोलच्या जागी कमांड दाबावं लागतं, आणि लाल गोळी दाबून खिडकी बंद केली तरी प्रोग्रॅम पुष्कळदा मागे चालूच राहतो.

हातांना लागणारा वेळ

नव्या सिस्टिमवरचे पहिले दोन आठवडे माणूस मंद होतो. हे सगळ्यांचंच होतं. जिथे बोट आपोआप जायचं तिथे आता डोळ्यांनी शोधावं लागतं. या काळात महत्त्वाचं काम अंगावर असेल तर बदल पुढे ढकला.

विंडोजवरून लिनक्सवर आल्यावर एक सवय मुद्दाम मोडावी लागते. प्रोग्रॅम हवा असला की आपण वेबसाइट शोधतो, सेटअप उतरवतो, 'नेक्स्ट नेक्स्ट' करत टाकतो. लिनक्समध्ये सिस्टिमचंच कोठार असतं, तिथून प्रोग्रॅम घ्यायचा. तो तपासून ठेवलेला असतो, आणि सिस्टिमसोबत त्याचीही अपडेट्स येतात. इंटरनेटवर कुठेतरी सापडलेली, 'सुडो'ने सुरू होणारी आज्ञा समजल्याशिवाय टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चिकटवू नका. त्या एका शब्दाने तुम्ही मशीनच्या सगळ्या दारांची परवानगी देत असता.

जुनी डिस्क, किंवा तिची पूर्ण प्रत, वर्षभर तशीच ठेवा. महिनाभर सगळं सुरळीत चाललं की ती पुसून वापरात घ्यावीशी वाटते. पण आठवड्याच्या कागदावर वर्षातून एकदाच उघडले जाणारे प्रोग्रॅम कधीच येत नाहीत. वार्षिक हिशेब, एखादं नूतनीकरण, डिजिटल सही लागणारा एखादा अर्ज, जुन्या कॅमेऱ्यातून चित्रण उतरवणं अशी ती कामं. त्यातलं प्रत्येक काम नव्या सिस्टिमवर एकदा तरी पार पडू दे, आणि मगच त्या डिस्कला फॉरमॅट मारा.